पाच लाखांचा ठेव विमा विदर्भातल्या ठेवीदाराला कितपत पुरतो?

कापसाचा चुकारा, रस्त्यात गेलेल्या वावराचा मोबदला, निवृत्त शिक्षकाच्या हाती आलेली रक्कम. गावात असा एकरकमी पैसा आला की तो कुठं ठेवायचा हे दोन-चार दिवसांत ठरतं. टक्का किती, मॅनेजर ओळखीचा आहे का, शाखा बाजाराच्या गावी आहे का, एवढं विचारून पावती केली जाते. संस्था अडचणीत आली तर हे पैसे कोण देणार, हे विचारायचं मात्र राहून जातं. त्या प्रश्नाचं उत्तर देणारी सेवा देशात १ जानेवारी १९६२ पासून चालू आहे. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ हे तिचं नाव, आणि मालकी पूर्णपणे रिझर्व्ह बँकेची. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, गावाकडच्या ठेवीदाराच्या बाजूने केलेलं.

मत आधीच सांगून टाकतो. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीसाठी ही सेवा भरवशाची आहे. ती पैसे देते, आणि २०२१ पासून बऱ्यापैकी वेळेत देते. पण पतसंस्थेला ती लागू नाही, पाच लाखांचा हिशेब बहुतेकांना नीट ठाऊक नाही, आणि कागद जुळत नसले की वेळेत मिळणारे पैसेही लांबतात. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेले दीड का कापले ते पुढे येईल.

काय मिळतं आणि किंमत कोण भरतं

हा विमा ठेवीदाराने काढायचा नसतो. राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती, राज्य सहकारी, लघु वित्त अशा परवानाधारक बँकांना तो बंधनकारक आहे. बचत, चालू, आवर्ती आणि मुदत अशा सगळ्या ठेवी त्यात येतात. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधली एका माणसाची रक्कम एकत्र धरतात आणि मुद्दल अधिक व्याज मिळून जास्तीत जास्त पाच लाख देतात. यवतमाळच्या शाखेत तीन लाख आणि त्याच बँकेच्या पुसदच्या शाखेत तीन लाख असतील, तर सुरक्षित पाचच. दोन वेगळ्या बँकांत असतील तर पूर्ण सहा.

हप्ता बँकेने स्वतःच्या खर्चातून दर सहा महिन्यांनी भरायचा असतो. १ एप्रिल २०२० पासून तो शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे झाला. म्हणजे पाच लाखांच्या ठेवीमागे वर्षाला ६०० रुपये. ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही. पासबुकात ४३६ किंवा २० रुपयांची 'विमा' म्हणून कपात दिसते ती अनुक्रमे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेची असते, ठेवीशी तिचा संबंध नाही. शाखेत या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. '२० रुपये कापले म्हणजे ठेवीचा विमा झाला' असं समजणारे लोक आहेत आणि ती समजूत काउंटरवर कोणी दुरुस्त करत नाही.

हप्ता ठेवीच्या पूर्ण रकमेवर मोजतात, संरक्षण मात्र पाच लाखांपुरतंच. वीस लाखांच्या ठेवीसाठी बँक २,४०० रुपये भरते तरी ठेवीदाराच्या पदरात पाचच लाखांची हमी. शिवाय १९६२ पासून चांगली चालणारी बँक आणि डबघाईला आलेली बँक एकाच दराने हप्ता भरत आल्या. जोखमीनुसार दर लावण्याची आणि चांगल्या बँकांचा हप्ता कमी करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली, अंमल २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून. ही सुधारणा फार उशिरा आली.

अकोल्यापर्यंत जाणारा इतिहास

प्रामाणिकपणे चालवलेली बँकसुद्धा सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर पैसे देऊ शकत नाही. ठेवीचे पैसे कर्जात गेलेले असतात. २०२५ अखेर बँकेला शंभर रुपयांच्या ठेवीमागे रिझर्व्ह बँकेकडे रोख तीन रुपये ठेवावे लागतात आणि साधारण १८ रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित मालमत्तेत. बाकीचे शेतकऱ्याकडे, दुकानदाराकडे, जिनिंगवाल्याकडे फिरत असतात. म्हणून अफवासुद्धा बँक बुडवू शकते.

हे वऱ्हाडला नवं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरांचा सट्टा माजला. युद्ध संपताच भाव कोसळले, सट्टा फुटला, आणि त्यात गुंतलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तेव्हा देशात मध्यवर्ती बँकच नव्हती. १९१३ पासून इंडियन स्पेसी बँकेसह देशी बँका एकामागून एक बंद पडल्या, तरीही रिझर्व्ह बँक यायला १ एप्रिल १९३५ उजाडला. नव्या मध्यवर्ती बँकेकडे सुरुवातीला इतर बँका तपासायचे अधिकार फार तोकडे होते. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा ते उघडं पडलं. तपासणीचे आणि परवान्याचे खरे अधिकार १९४९ च्या बँकिंग कायद्याने दिले.

मग १९६० आलं. अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बंद झाली. या दोन घटनांनी सरकारला हलवलं. कमकुवत बँकेचं सक्तीने विलीनीकरण करण्याचा अधिकार त्याच वर्षी कायद्यात आला. १९५१ मध्ये देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, १९६९ पर्यंत ८९ उरल्या. आणि १९६१ च्या डिसेंबरात ठेव विम्याचा कायदा झाला. आज गावातला माणूस ज्या हमीवर झोपतो तिच्या पायाशी अकोल्याच्या ठेवीदारांचं नुकसान आहे, हे विदर्भात तरी माहीत असायला हवं.

सुरुवातीची मर्यादा होती १,५०० रुपये. १९६८ मध्ये ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,०००, १९८० मध्ये ३०,०००, १ मे १९९३ पासून एक लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना या कवचात आणण्याचा रस्ता मोकळा केला. विदर्भाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. पण १९९३ ते २०२० या जवळपास सत्तावीस वर्षांत मर्यादा हललीच नाही. त्या काळात सोनं, जमीन, मजुरी सगळं कित्येक पटींनी वाढलं आणि एक लाखाचं संरक्षण तेवढंच राहिलं. महागाईनुसार मर्यादा आपोआप वाढेल अशी तरतूद कायद्यात आजही नाही. अर्धा गुण इथं कापला.

२०२१ पूर्वीची मोठी खोट

जुन्या कायद्यात पैसे मिळायचे ते बँक अवसायनात निघाल्यावर, म्हणजे कायमची बंद करून तिचा हिशेब मिटवायला घेतल्यावर, किंवा विलीन झाल्यावर. त्याआधीच्या काळात, म्हणजे रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातले पण परवाना रद्द केला नाही अशा अवस्थेत, विमा गप्प बसायचा. बँक जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही अशी वर्षंच्या वर्षं जायची.

विदर्भाने ही अवस्था जवळून पाहिली. जिल्हा मध्यवर्ती बँकांनी ३१ मार्च २०१२ पर्यंत किमान चार टक्के भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) गाठून परवाना घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं होतं. देशभरातल्या ज्या २३ बँका यात मागे राहिल्या त्यातल्या महाराष्ट्रातल्या तीन, आणि तिन्ही आपल्याच: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. ठेवीदारांना स्वतःचे पैसे मागून मिळेनात. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने या २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, केंद्र, राज्य आणि नाबार्ड मिळून. तोवर ठेव विम्याचा एक रुपयाही या लोकांच्या उपयोगी आला नाही, कारण बँका बुडालेल्या नव्हत्या, नुसत्या अडलेल्या होत्या.

हा दोष देशाला दिसला सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा. सुरुवातीला प्रत्येक खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्यानंतर मर्यादा पाच लाख झाली आणि २०२१ मध्ये कायद्यात कलम १८-अ आलं, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागत नाही. या सेवेत १९६२ नंतर झालेली ही सगळ्यांत मोलाची दुरुस्ती.

नव्वद दिवस प्रत्यक्षात कसे जातात

पहिले ४५ दिवस बँकेचे. तिने सगळ्या ठेवीदारांची यादी, रकमा आणि कर्ज वजा करून येणारं देणं महामंडळाला कळवायचं. पुढचे ३० दिवस महामंडळ यादी तपासतं. शेवटच्या १५ दिवसांत पैसे देतं, पण ज्यांनी 'मला रक्कम हवी' असं लेखी कळवलं आहे त्यांनाच. बँक विलीन होण्याची शक्यता असेल तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते.

त्या लेखी संमतीपत्रावरच सगळं अडतं. शाखेत मिळणाऱ्या या अर्जावर नाव, सगळ्या खात्यांचे आणि पावत्यांचे क्रमांक, आधार, आणि दुसऱ्या चालू स्थितीतल्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक व आयएफएससी कोड लागतो. दुसऱ्या बँकेत खातंच नसेल तर आधी ते उघडा. जनधन खातं चालतं, पण त्यात मोठी रक्कम एकदम जमा होण्याला मर्यादा असू शकते. ते केवायसी पूर्ण करून साध्या बचत खात्यात बदलून घेणं बरं.

अडचणी कुठं येतात तेही ठरलेलं आहे. जुन्या पासबुकावर 'कमलाबाई जौजे तुकाराम' आणि आधारवर 'कमल तुकाराम'. पावती 'आर. डी.' अशा आद्याक्षरांवर आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. मोबाइल क्रमांक बंद पडलेला, त्यामुळे शाखेचा निरोपच पोचत नाही. खातेदार वारलेला आणि वारसनोंद (नॉमिनेशन) नाही. या शेवटच्या प्रकारात वारस दाखल्यासाठी तहसील आणि कोर्टाचे हेलपाटे सुरू होतात आणि ९० दिवस कधीच उलटून जातात. रक्कम बुडत नाही, पण पेरणी कोणासाठी थांबत नाही. निर्बंध मार्चच्या अखेरीस लागले तर नव्वदावा दिवस जूनच्या अखेरीस येतो. मृग लागलेला, बियाणं-खत उधारीवर उचललेलं, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. ठेव सुरक्षित असूनही कास्तकाराचं हे नुकसान कोणी भरून देत नाही. आणखी अर्धा गुण इथं गेला.

आपल्या भागातली उदाहरणं ताजी आहेत. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मलकापूर अर्बन बँकेवरही निर्बंध नोव्हेंबर २०२१ मधले, पैसे काढायची मर्यादा १०,००० रुपये. परवाना रद्द झाला ५ जुलै २०२३ ला. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने दिलेल्या आकड्यांनुसार मलकापूरच्या ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसत होती, यवतमाळच्या सुमारे ७९ टक्के. म्हणजे यवतमाळला दर पाचातला एक ठेवीदार पाच लाखांच्या वर होता. वरच्या रकमेसाठी त्याने अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचा हिशेब मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाहायचं. अवसायक कर्जवसुली करतो, त्यातून आधी महामंडळाने दिलेले पैसे परत जातात, आणि मग उरलं तर मोठ्या ठेवीदाराचा नंबर. या रांगेत वर्षं जातात.

पाच लाखांचा हिशेब नीट करा

सर्वाधिक चुका इथंच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

व्याज धरून पाच लाख, ही पहिली गोष्ट. सात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीवर साडेचार लाखांची पाच वर्षांची पावती केली तर दीड वर्षाने ती ४,९९,३६६ रुपये होते आणि पुढच्याच तिमाहीत मर्यादा ओलांडते. मुदतीअखेर ती ६ लाख ३६ हजारांच्या पुढे गेलेली असते, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त रक्कम उघडी. पाच वर्षांसाठी व्याज आतच ठेवायचं असेल तर मुद्दल साडेतीन लाख ठेवा. अखेरीस ४,९५,१७२ होतात. किंवा व्याज दर तिमाहीला दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवा, मग मुद्दल पावणेपाच लाखांपर्यंत नेता येईल. दामदुप्पट योजनेत पाच लाख ठेवणाऱ्याचं सगळं व्याज विम्याबाहेर असतं, हे पावती देताना सांगितलं जात नाही.

दुसरी गोष्ट नावांची. एकट्याच्या नावाची ठेव आणि संयुक्त ठेव यांची मर्यादा वेगवेगळी. नवऱ्याच्या नावावर पाच, बायकोच्या नावावर पाच, दोघांच्या संयुक्त खात्यात पाच, आणि अज्ञान मुलाचे पालक म्हणून ठेवलेले पाच, हे सगळे स्वतंत्र धरतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तरी ते वेगळं धरलं जातं. पण एकाच माणसाच्या दहा पावत्या केल्या तर त्या एकच. कृषी केंद्र एकट्याच्या मालकीचं असेल तर दुकानाचं चालू खातं आणि मालकाचं बचत खातंही एकत्रच मोजतात. भागीदारी फर्म मात्र वेगळी.

नावं फिरवून एकाच बँकेत वीस लाख सुरक्षित करता येतात हे खरं, तरीही आमचा कल दोन-तीन बँकांकडे आहे. निर्बंध लागले की विमा असलेली रक्कमही तीन महिने हलत नाही. त्या काळात दवाखाना, फी, पेरणी चालवायला दुसऱ्या बँकेत काहीतरी लागतंच.

तिसरी गोष्ट कर्जाची, आणि विदर्भात ही फार महत्त्वाची, कारण पीककर्ज बहुतेकांवर असतं. बँक आधी स्वतःचं येणं ठेवीतून वळतं करून घेते, उरलेल्या रकमेवर विमा लागतो. तीन लाखांची ठेव आणि त्याच बँकेचं एक लाख साठ हजारांचं पीककर्ज असेल तर हातात एक लाख चाळीस हजार. हाच नियम मोठ्या ठेवीदाराच्या पथ्यावरही पडतो: सात लाखांची ठेव, दोन लाखांचं कर्ज, वजाबाकीनंतर पाच, म्हणजे काहीच बुडत नाही. वळती फक्त त्या बँकेच्या स्वतःच्या येण्याची होते, त्यामुळे कर्ज सोसायटीचं आहे की थेट बँकेचं, हे कागदावर पाहून ठेवा.

आणि भाग, म्हणजे शेअर. सहकारी बँकेतून कर्ज घेताना भागाची रक्कम कापली जाते, लाभांश येतो, म्हणून लोक तिला ठेवीसारखीच समजतात. भाग म्हणजे मालकी. ती विम्यात येत नाही आणि बँक बुडाली की सर्वांत शेवटी तिचा विचार होतो.

कवचाबाहेरचं गाव

पतसंस्था, बहुराज्य पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायटीकडे ठेवलेली ठेव, बिगरबँक वित्त कंपनी, भिशी, सराफाकडची मासिक योजना. यातल्या कशालाही ठेव विमा लागू नाही. एक पूर्ण दीड-गुणी तक्रार होऊ शकली असती, पण कापला फक्त अर्धा, कारण दोष सेवेचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. महामंडळ फक्त बँकांचा विमा करतं आणि पतसंस्था बँक नाही. गावाला मात्र काउंटर, पासबुक, दैनिक ठेवीचा एजंट हे सगळं दोन्हीकडे सारखंच दिसतं. दुकानावर रोज पन्नास रुपये न्यायला येणारा एजंट ओळखीचा असतो, आणि त्याचा प्रामाणिकपणा हीच संस्थेची हमी समजली जाते. तो प्रामाणिक असला तरी कर्जवाटप त्याच्या हातात नसतं.

मध्यवर्ती बँकेच्या धोरणाचा धक्का इथं थेट पोचतो. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, चार टक्क्यांवर आला आणि मोठ्या बँकांच्या मुदत ठेवी पाच-साडेपाच टक्क्यांवर घसरल्या. ज्याचं घर व्याजावर चालतं तो अशा वेळी जास्त टक्का देणाऱ्या संस्थेकडे वळतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला, मग २०२५ मध्ये डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर उतरला. बँकांचे दर खाली येताना हीच ओढ पुन्हा लागते. ती लागली की एक साधं गणित करावं: बँकेपेक्षा तीन टक्के जास्त म्हणजे पाच लाखांवर वर्षाला १५,००० रुपये जादा. संस्था बुडाली तर गेलेले पाच लाख त्या जादा व्याजातून भरून यायला ३३ वर्षं लागतील. पतसंस्था बुडाल्यावर महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त करून लिलाव करता येतो, पण तो रस्ता पोलीस तक्रार, सक्षम प्राधिकारी आणि विशेष न्यायालय असा जातो.

म्हणून पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत असं आम्ही म्हणत नाही. नीट चाललेल्या पतसंस्थांनी खेड्यातल्या छोट्या दुकानदाराला उभं केलं आहे, जिथं बँकेचा मॅनेजर त्याला दारात उभं करत नव्हता. गेले तर घर अडणार नाही एवढीच रक्कम तिथं असावी, आणि आयुष्याची पुंजी विम्याच्या कवचात. बँक कोणती हे ओळखायला तीन खुणा आहेत. पाटीवर आणि पावतीवर 'बँक' हा शब्द हवा. परवान्याशिवाय तो वापरणं कायद्याने मना आहे. शाखेत रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला असावा. आणि महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांच्या यादीत नाव असावं. ठेव विम्याचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड बँकांनी दाखवायचा आहे, तो मोबाइलवर उघडून पाहता येतो. 'आमचा फलाण्या बँकेशी करार आहे' हे वाक्य म्हणजे विमा नव्हे.

पाच लाखांच्या वरची रक्कम असेल तर टपाल खात्याचा विचार आधी करावा. तिथं केंद्र सरकारची हमी आहे आणि हमीला पाच लाखांची वेस नाही. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला नऊ आणि संयुक्त खात्यात पंधरा लाख ठेवता येतात, साठीच्या पुढच्यांना ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाख. टपाल कार्यालय गावात असतं, तरी हा पर्याय सगळ्यांत शेवटी आठवतो.

खरिपाआधी शाखेत जाऊन उरकायची कामं

पासबुक, पावती, आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं करून घ्या. आजचं हे एका अर्जाचं काम निर्बंधांनंतर महिन्याचं होतं. मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं केवायसीचे कागद देऊन जागं करा. वारसनोंद आहे का ते पावती उलटून पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नावं लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहून. आई-वडिलांच्या जुन्या पावत्या ट्रंकेत सापडल्या तर टाकून देऊ नका. दहा वर्षं दावा नसलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला ती परत मिळते, आणि कोणत्या बँकेत रक्कम पडून आहे हे ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. सगळ्याच बँका त्यावर नाहीत. छोट्या सहकारी बँकेची पावती असेल तर मूळ शाखेतच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.